सातपुते बाईंची अ श्रेणी

“चुकायचं असेल तर मोठ्यानं चुक,” असं सातपुते बाई मुलांना म्हणायच्या. पुटपुटणारं मूल त्यांना सहन व्हायचं नाही. वाचताना कुणाचा आवाज खाली गेला की त्या डस्टरनं टेबलावर टकटक करायच्या, आणि अख्खा वर्ग एका सुरात पुढचं वाक्य म्हणायचा. शाळेला खोल्या तीनच होत्या, पण बाईंचा आवाज तीस खोल्यांना पुरला असता.

गाव वरवंडपासून आत, कालव्याच्या कडेनं गेलं की लागतं. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि बाईंबद्दल त्यांच्यात अजून एकमत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी डी.एड. करून तिथं लागले तेव्हा बाई चौथीला होत्या. मी केंदूरची, शिरूर तालुक्यातली. घर सोडून दौंड तालुक्यात खोली घेऊन राहायचं म्हणजे मला परमुलुखात आल्यासारखं वाटत होतं. पहिल्या दिवशी हेडसरांनी मला बाईंकडे पाठवलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चौथीचं मराठीचं पुस्तक माझ्या हातात दिलं.

“वाच.”

मी अर्धं पान वाचलं. मुलं टक लावून बघत होती.

“स्वल्पविरामाला थांबली नाहीस,” बाई म्हणाल्या. “आता ही पोरं तुझ्यासारखं बोलायला लागतील. जरा जपून.” आणि मधल्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर वाढून त्यांनी मला शाळेत दाखल करून घेतलं.

बाई दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून यायच्या. यजमान रेल्वेत गार्ड होते, त्यामुळं घरात सगळं वेळापत्रकावर चालायचं आणि तीच सवय बाईंनी शाळेत आणली होती. एस.टी.नं वरवंड, तिथून मिळेल त्या जीपनं कालव्यापर्यंत आणि पुढं पायी. पावसाळ्यात साडीवर कॅनव्हासचे बूट. नवीन खडू आधी मोडायचा आणि मगच फळ्याला लावायचा, म्हणजे तो किरकिरत नाही, ही त्यांची शिकवण मी अजून पाळते. पर्समध्ये दोन रुमाल असायचे. एक त्यांचा आणि एक ‘शाळेचा’. शाळेच्या रुमालानं दिवसभर कुणाकुणाची नाकं पुसली जायची आणि संध्याकाळी तो धुवायला दौंडला जायचा. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर ज्या मुलींच्या केसांना घरी कुणी हात लावत नसे, त्यांना त्या ओळीनं पायरीवर बसवायच्या, तेल लावायच्या, वेण्या घालायच्या. वेणी घालताना पाढे चालू असायचे. पाढा चुकला की वेणीला हिसका बसायचा.

चुकीचं लिहिलेलं त्यांना बघवत नसे. वरवंडला जीप थांबायची तिथं एक चहाचं हॉटेल होतं. त्याच्या पाटीवर ‘होटल’ असं रंगवलं होतं आणि खाली ‘फराळाचे पदर्थ’. बाईंनी मालकाला पहिल्यांदा नीट सांगितलं. मग येता-जाता सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, “माझी मुलं बाजाराला तुमच्या दारावरनं जातात. मी वर्षभर शिकवते आणि तुम्ही एका मिनिटात पुसता.” मालकानं पाटी नवी रंगवून घेतली आणि पेंटरला बाईंकडं पाठवून शब्द तपासून घेतले. आम्ही खूप हसलो होतो. बाई मात्र हसल्या नाहीत. ‘पदार्थ’मधला काना त्यांना अजून बारीक वाटत होता.

अशा बाईंच्या शाळेचा वाचनात आणि गणितात नंबर वर असणार, याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. दरवर्षी पंचायत समितीकडून माणसं तपासणीला यायची. वर्गातली मुलं एकेक करून समोर बोलवायची, परिच्छेद वाचायला द्यायची, हातच्याची वजाबाकी घालायची, मोठ्यांना भागाकार घालायची. संध्याकाळी शाळेला श्रेणी मिळायची, अ पासून ड पर्यंत. बाई आल्यापासून आमच्या शाळेची अ कधी हलली नव्हती. व्हरांड्यातल्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. सरपंच कुठंही गेले तरी शाळेचा विषय काढायचे. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक आमची चौथी बघायला यायचे आणि बाई डस्टरच्या एका टकटकीवर त्यांना पावकी-निमकी म्हणून दाखवायच्या.

आता जे सांगायचं ते सांगते.

तिमाही झाली की बाई सगळ्या पाट्या गोळा करायच्या आणि बारीक ब्रश घेऊन पाटीच्या लाकडी चौकटीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक अक्षर काढायच्या. हुशार मुलाच्या पाटीवर ‘अ’, आणि कच्च्या मुलाच्या पाटीवर ‘ढ’. कुणाला कुठं बसवायचं ते पाटी बघून कळावं, एवढाच त्यांचा हिशेब. भांड्यावर नाव घालावं तितक्या सहजपणे त्या ते करायच्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन, आणि त्यानं काही फरक पडत नाही हेही मला माहीत आहे. पोरं एकमेकांना त्या अक्षरावरूनच हाका मारायची. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना बाई मागच्या रांगेकडं बघून म्हणायच्या, “उद्या तुम्हाला सुट्टी.” मागची रांग खूश होऊन घरी जायची. ही सुट्टीची रीत काही बाईंनी काढलेली नव्हती, त्यांच्या आधीपासून चालत आलेली होती. शाळेत सगळ्यांना ठाऊक होती, आणि तिच्याविषयी कधी कुणी बोलत नसे.

त्या मागच्या रांगेत खिडकीजवळ लंका बसायची. तिचा बाप धुळा. मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरणारी त्यांची माणसं, पण धुळानं कालव्याच्या खाली तुकडा घेऊन घर बांधलं होतं, कांदा लावला होता, आणि पोरगी शाळेत घातली होती. मेंढरं आता थोडीच उरली होती. लंका उशिरा यायची, गप्प बसायची, आणि रस्त्यानं कुणाची मेंढरं चालली की न बघता, नुसतं ओरडण्यावरून कुणाची ते शेजारणीला सांगायची. चौथीत होती. तिला वाचता येत नव्हतं.

त्या वर्षी तपासणीला नवीन विस्ताराधिकारी आले. किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे. मोटरसायकल लावून ते थेट वर्गात गेले आणि मुलांच्या शेजारी खाली बसले. सुरुवातीची मुलं फाडफाड वाचून गेली. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी माझा दुसरीचा वर्ग तपासून घेण्यासाठी दारात थांबले होते. तेवढ्यात अंगणातून धुळा आला. लंकाचं मनगट त्याच्या हातात होतं. तिच्या गालावर बोटं उठली होती.

“बाई, आज शाळा हाय का न्हाई?” त्यानं दारातून विचारलं.

“आहे की, आप्पा.”

“मग हिला कशी काय सुट्टी? म्हनली, बाईंनी दिलीया. मी म्हनलं, पोरांच्या टाळक्याला टाळकी दिसत्यात शाळंत, आन् ही खोटं बोलती. वाटंत दोन ठिवून दिल्या.”

हेडसर पुढं झाले. “आप्पा, तुम्ही जरा हापिसात बसा. चहा घ्या.”

धुळा हलला नाही. त्याला भांडायचं नव्हतं. पोरगी खोटं बोलते का नाही एवढंच त्याला समजून घ्यायचं होतं. बाईंनी ‘खोटं बोलते’ म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. हेडसर बाईंकडं बघत होते, विस्ताराधिकारीही बघत होते.

“खोटं नाही बोलली ती,” बाई म्हणाल्या. “मी दिली होती सुट्टी.”

“का वं?”

बाईंची नजर मागच्या रिकाम्या रांगेकडं गेली. विस्ताराधिकाऱ्यांनी लंकाला जवळ बोलावलं, खाली बसवलं आणि पुस्तक समोर ठेवलं. तिनं पुस्तकाकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं.

“येत नाही? असू दे,” ते म्हणाले. “या पानावर तुला येणारं एखादं अक्षर असेल. शोध. घाई नाही.”

लंकानं बोट ठेवलं आणि ओळीओळीनं खाली जायला लागली. बोट पानाच्या तळाशी आलं आणि एका जागी थांबलं.

“ह्ये.”

“काय आहे ते?”

“ढ,” लंका म्हणाली. चांगलं मोठ्यानं म्हणाली, बाईंना आवडायचं तसं.

“शाबास. अवघड अक्षर आहे. कुणी शिकवलं?”

तिनं पिशवीतून पाटी काढून पुढं धरली. “माज्या पाटीव हाय. म्हंजी मी.”

मुलं हसली. आणि दारातला धुळाही हसला. साहेबानं आपल्या पोरीला शाबास म्हटलं एवढंच त्याला कळलं होतं. त्यानं मुंडासं सारखं केलं आणि आम्हा सगळ्यांकडं कौतुकानं बघितलं.

मी बाईंचा चेहरा नंतर कितीतरी वेळा आठवून बघितला आहे. त्या रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी पदराचं टोक तेवढं हातात घट्ट धरलं होतं. मग त्या म्हणाल्या, “साहेब, अजून मुलं घरी आहेत. मी बोलावून घेते.”

“बाई,” हेडसर हळूच म्हणाले.

“बोलावते,” बाई म्हणाल्या.

मुलं आली. कुणी रानातून, कुणी कालव्यावरून ओल्या केसांनी. सगळी तपासली गेली. दुपारी हापिसात विस्ताराधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “सकाळी हजर होती तेवढीच धरू का?” मला वाटतं तो माणूस चांगला होता, आणि त्याला बाईंची कीव आली होती. बाई म्हणाल्या, “नको. आहे ते लिहा.”

शाळेला क मिळाली.

सरपंच दुसऱ्या दिवशी आले. “गावाची इज्जत घालवली बाई तुमी,” असं म्हणाले आणि खुर्चीवर न बसताच गेले. व्हरांड्यातल्या भिंतीवरच्या त्या अक्षरांवर चुना मारला गेला. बाईंनी सगळ्या पाट्या जमा केल्या आणि रॉकेलचा बोळा घेऊन पायरीवर बसून चौकटी घासल्या. रंग निघाला, पण लाकडात अक्षराची फिकट खूण उरली. मग त्यांनी दौंडहून नव्या पाट्या आणल्या. जुन्या कुठं गेल्या मला माहीत नाही.

लंका मात्र शाळेत परत आली नाही. ‘ढ’ म्हणजे काय ते धुळाला बाजारात कुणीतरी समजावून सांगितलं असणार. तो एकदाच आला. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. बाईच बाहेर गेल्या. मी व्हरांड्यात होते.

“बाई,” तो म्हणाला, “पोरगी खरं बोलत हुती. तुमी मला तिला मारायला लावलं.”

तेवढं बोलून तो कालव्याच्या वाटेनं निघून गेला. त्याचा आवाज चढलासुद्धा नव्हता. बाई फाटकापाशी उभ्याच राहिल्या. घंटा झाली तरी आत आल्या नाहीत. मी त्यांचा वर्ग माझ्या वर्गात आणून बसवला.

लाज वाटली की माणूस सुधारतो, असं आपण धरून चालतो. बाईंचं तसं सरळ झालं नाही. आधी त्यांचा आवाज गेला. टकटक बंद झाली. चौथीत गोंधळ व्हायला लागला. पोरं मस्ती करायची आणि बाई नुसत्या बघत राहायच्या. एखाद्याला रागवायला तोंड उघडायच्या आणि अर्ध्यात थांबायच्या. पूर्वी ज्यांनी त्यांचं नाव घेऊन आपल्या मुलांना शाळेत घातलं होतं, तेच पालक आता कुरकुरायला लागले. हॉटेलच्या मालकानं पुन्हा एक पाटी रंगवली, तिच्यातही चुका होत्या. बाई तिच्यासमोरून खाली बघत गेल्या.

वर्ष संपलं तसं त्यांनी हेडसरांकडं पहिली मागून घेतली. पहिली कुणालाच नको असते, ती त्यांना लगेच मिळाली. आणि दर शनिवारी शाळा सुटली की त्या कालव्याच्या खाली धुळाच्या घरी जाऊ लागल्या. एकदा मीही गेले. लांबून आम्ही दिसताच लंका उठली, काठी घेतली आणि मागच्या अंगानं मेंढरांकडं निघून गेली. धुळा असला तर तोही उठून रानात जायचा. घरात उरायची लंकाची आई. दारात आलेल्या बाईला ‘जा’ कसं म्हणायचं, म्हणून ती पाणी द्यायची, मांडी घालून समोर बसायची. बाई पिशवीतली अक्षरांची कार्डं काढून बसायच्या. कुणाला तरी शिकवायला हवं म्हणून त्यांनी तिच्यासमोर ‘म’ ठेवला.

“ह्ये काय वं बाई, म्हातारपनी,” ती हसायची. तिचं वय तेव्हा तिशीसुद्धा नसेल.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत लंकाच्या आईला वाचता यायला लागलं. एस.टी.ची पाटी, खताच्या पोत्यावरचं नाव, सगळं ती बोट ठेवून, थांबत थांबत, पण वाचायची. एका शनिवारी तिनं घराच्या भिंतीवर कोळशानं स्वतःचं नाव लिहिलं आणि आम्हाला दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या. परत येताना कालव्यावर बाई म्हणाल्या, “मला एकीला शिकवायचं होतं. शिकली दुसरीच.” मी म्हटलं, “बाई, हेही काही कमी नाही.” त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढं बोलले नाही. लंका त्या दिवशीही दूर बांधावर उभी होती. आम्ही गेल्याशिवाय ती घरी येत नसे. मग तिचं लग्न ठरलं, फार लवकर ठरलं, आणि शनिवारचं जाणं थांबलं.

बाईंची पहिली मात्र बघण्यासारखी असायची. आवाज नाही, टकटक नाही. त्या सतरंजीवर मुलांच्या मध्ये बसायच्या आणि एकेका मुलाच्या पानावर वाकून त्याच्याबरोबर पुटपुटायच्या. वर्ष संपताना तिच्यात वाचू न शकणारं मूल उरत नसे. पण पहिलीची तपासणी कुणी करत नव्हतं. शाळा पुढं ब वर आली आणि तिथंच राहिली. शिक्षकांच्या बैठकीत श्रेणी वाढवायच्या युक्त्या निघाल्या की बाई पर्स उचलून म्हणायच्या, “माझी गाडी आहे,” आणि बाहेर पडायच्या. गाडीला अजून वेळ असायचा.

काही वर्षांनी मला बदली मिळून मी शिरूर तालुक्यात, माझ्याच केंदूरच्या बाजूला आले. बाई निवृत्त झाल्या. दिवाळीला फोन व्हायचा. एका जूनमध्ये पहिलीचे प्रवेश चालू असताना एक बाई मुलीचा हात धरून व्हरांड्यात बराच वेळ उभी दिसली. मी बाहेर जाऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तुमी वरवंडाकडच्या बाई नव्हं?” ती लंका होती. केंदूरच्या माळावर तिला दिली होती. नवरा शिक्रापूरला कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर. तिनं सातपुते बाईंचं काही विचारलं नाही, मीही काढलं नाही. संध्याकाळी मी दौंडला फोन केला.

“वाचते का?” बाईंनी विचारलं.

“नाही, बाई.”

“मी येते,” त्या म्हणाल्या.

रविवारी मी त्यांना शिरूरच्या स्टँडवर उतरवून घेतलं. गुडघे गेले होते, दांडी धरून एकेक पायरी उतरल्या. तेव्हा मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. लंकाला मी निरोप दिला होता. तिनं शेजारून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणून अंगणात मांडल्या होत्या, चहा केला होता, आणि पदर डोक्यावर घेऊन दाराशी उभी होती.

“लंका,” बाई म्हणाल्या, “मी चुकले गं तुझ्याशी.”

“काय वं बाई. किती जुनं काढताय,” ती जमिनीकडं बघत म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, “पोरीला घालाया मी येतच नव्हते. मालक म्हनले, जा. शाळंच्या भाईर लई येळ हुबी ऱ्हायले. आत जायाला पायच उचलंना.”

बाईंनी मान हलवली.

“बस की,” त्या खुर्चीकडं हात करून म्हणाल्या. “बस माझ्याजवळ.”

“न्हाई बाई. हुबी बरी हाय. तुमी बसा.”

मी म्हटलं, “बाई, तुम्ही तरी बसा, गुडघे दुखतील.”

“ती बसली की बसते,” बाई म्हणाल्या.

लंका बसली नाही. तिच्या मनात राग होता असं मला वाटत नाही. बाईंच्या समोर बसणं तिला जमतच नव्हतं. दोघी उन्हात उभ्या राहून चहा प्यायल्या. बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होत्या, आणि मध्ये दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.